आमची वाटचाल: आधी पाणी, मासे नंतर बघू

आज आम्ही फिश टँक लावून देतो आणि सांभाळतो, पण आमचं मूळ काम अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगचं. वागळे इस्टेटला भाड्याचा एक गाळा, त्यात नवरा आणि एक हेल्पर, खिडक्या, बाथरूमची पार्टिशनं, दुकानांचे काचेचे दरवाजे, बस्स. मी महापेला एका लॅबमध्ये होते, रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडून घणसोलीला उतरायचं, पुढे रिक्षा आणि दिवसभर कंपन्यांचं सांडपाणी तपासायचं. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी. घरात मासे म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार, आणि तेही तळलेले.

२०११ ला नौपाड्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं पार्टिशन केलं, तेव्हा ते म्हणाले, अहो काचेचंच काम करता ना, मग वेटिंगमध्ये एक चार फुटी फिश टँक पण करून द्या की. नाही म्हणता न येणं हा माझ्या नवऱ्याचा जुना आजार. ८ एमएम काच कापली, कडा पॉलिश करून आणल्या, गाळ्यात पडलेलं सिलिकॉन गनमध्ये घातलं आणि दोन दिवसांत टँक तयार. एक थेंब गळला नाही, स्वारी जाम खूश. चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन, मासे मेले. परत आणले, परत मेले.

मी रविवारी गाळ्यात गेले होते डबा द्यायला, सहज ती सिलिकॉनची रिकामी नळी उचलून वाचली तर त्यावर ढळढळीत लिहिलेलं, अँटी-फंगल. बाथरूमसाठी असतं ते, फटीत काळी बुरशी धरू नये म्हणून त्यात औषधच घातलेलं असतं, मग ते पाण्यात उतरून मासे मारणार नाही तर काय करणार! नवऱ्याने सगळे जॉइंट ब्लेडने उघडले, जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही म्हणून काच न् काच खरवडून साफ केली, मग साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावलं आणि आठवडाभर सुकू दिलं. पैसे अर्थात एकदाच घेतले.

एवढं करूनही पुढच्या खेपेतले पाच-सहा मासे गेलेच, आणि तेव्हा मात्र माझं डोकं चालायला लागलं. बाटलीत पाणी भरून लॅबला नेलं, अमोनियाची टेस्ट लावून बघितली, तर भरपूर. मला हसूच आलं, कारण दिवसभर मी जे ईटीपीमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, बघत होते तेच इथे चार फुटात चाललेलं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, नायट्रोसोमोनास नावाचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे नायट्रोस्पायरा हे दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, नायट्रेट झाडं खातात किंवा आपण पाणी बदलून काढतो. नायट्राइटही वाईटच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनलाच धरतं, वरून हवेचे बुडबुडे चालू असतात आणि मासा तरी गुदमरतो. नव्या टँकमध्ये हे जीवाणू पुरेसे नसतातच, जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि लोक पहिल्याच दिवशी पिशवीतले मासे आत सोडतात.

नवऱ्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, म्हणजे विरजण लागतं. एका शब्दात विषय संपवला! तेव्हापासून आमच्याकडे चालू फिल्टरमधला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये टाकायचा त्याला विरजणच म्हणतात, आमच्या कामावरची पोरं फोनवर विचारतात, वहिनी विरजण टाकलंय, अमोनिया कधी बघू? डॉक्टरांचा टँक पुढे छान लागला आणि आमचं पहिलं विरजण तिथूनच घेतलेलं. आता गाळ्यात एका वेगळ्या टबात स्पंज चालूच ठेवतो, कारण गिऱ्हाइकाच्या टँकमधून स्पंज उचलला तर रोगही सोबत येतात, हेही एकदा पांढऱ्या ठिपक्यांचा प्रसाद मिळाल्यावरच शिकलो.

२०१४ ला लॅब सोडली. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, पगाराची नोकरी सोडून माशांचं गू मोजणार का, असं शेजारच्या काकूंना सांगत होत्या. तसं चूक नव्हतंच म्हणा ते.

टँकमध्ये झाडं लावायचं वेड आलं नवऱ्याकडून. रात्री मोबाईलवर ताकाशी अमानो बघत बसायचा. जपानचा माणूस, आधी सायकल रेसर, मग १९८२ ला स्वतःची कंपनी काढली आणि काचेच्या पेटीत डोंगर, कुरण, जंगल उभं करायला जगाला शिकवलं. २०१५ ला लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने ४० मीटर लांब, १,६०,००० लिटरचा प्लांटेड टँक केला आणि त्याच वर्षी गेला. नवरा म्हणे, अगं चाळीस मीटर, आपली बिल्डिंग नाहीये तेवढी. मग आम्ही गाळ्यातच एक डिस्प्ले टँक लावला, ड्रिफ्टवुड, म्हणजे टँकमध्ये ठेवायचं लाकूड, क्रॉफर्ड मार्केटमधून खांद्यावर घालून आणलं.

पहिले सहा महिने नुसतं शेवाळ पिकवलं आम्ही. लाईट जोरात आणि कार्बन डायऑक्साइड नाही, मग झाडं अडतात आणि शेवाळाचं फावतं. शेवटी सीओटू सिलिंडर घेतला, फायर एक्स्टिंग्विशर भरून देणारे असतात ना त्यांच्याकडेच रिफिल होतो, वागळेत बसल्याचा हा एक फायदा. आत काचेचा छोटा ड्रॉप चेकर लटकवायचा, निळा असेल तर गॅस कमी, पिवळा असेल तर मासे वर येऊन तोंड उघडायला लागतील, पोपटी हिरवा झाला म्हणजे साधारण ३० पीपीएम, ठीक. अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, नर्सरीत बरीचशी झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्यात गेली की जुनी पानं सोडतात. क्रिप्टोकोराइन तर आठवड्यात अख्खं विरघळल्यासारखं दिसतं. गिऱ्हाइकाचा फोन येतो, मॅडम तुमचा पाला सडला. मी सांगते, मूळ उपटू नका, थांबा. पंधरा दिवसांनी नवीन पान फुटल्याचा फोटो येतो, सॉरी मात्र येत नाही.

थांबा हा शब्द लोकांना आवडत नाही. पातलीपाड्याला एका सरांची वास्तुशांत आठ दिवसांवर होती, पाच फुटी टँक, पाहुणे यायच्या आत मासे फिरताना दिसायला हवेत. आम्ही म्हटलं झाडं लावून देतो, मासे महिन्याने. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतला. परत आले नाहीत, त्यांच्या टँकचं काय झालं मला माहीत नाही आणि त्या महिन्याचं गाळ्याचं भाडं आम्ही एफडी मोडून भरलं. वास्तूसाठी ईशान्येलाच हवा म्हणणारे तर रोजचे, ठेवतो बापडे, फक्त ईशान्येला ऊन येणारी खिडकी असेल तर सांगते की लक्ष्मी येईल न येईल, शेवाळ नक्की येईल. गोल बाऊल मात्र आम्ही विकतच नाही, कितीही भांडा.

पहिला मोठा टँक २०१७ ला, घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर, सहा बाय दोन बाय दोन. म्हणजे २४ घनफूट, ६८० लिटर. पाणीच ६८० किलो, १२ एमएम काचेचे सव्वाशे, दगड-माती-स्टँड धरून ९०० किलोच्या आसपास. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने धरतात आणि हा सगळा भार सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. त्यांना हॉलच्या मधोमध पार्टिशनसारखा हवा होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून बीमच्या डोक्यावर, भिंतीला लागून घेतला, काकू नाराज झाल्या पण टीव्ही हलवला. झाला मात्र देखणा, मागे व्हॅलिस्नेरिया, लाकडावर अ‍ॅन्युबियास, पुढे माँटे कार्लो नावाच्या बुटक्या झाडाचा गालिचा आणि ६० कार्डिनल टेट्रा, म्हणजे छोटे लाल-निळे मासे. काकांना मिस केरळ पण हवे होते. हा मासा आपल्याच सह्याद्रीच्या नद्यांतला, दक्षिणेकडचा, शास्त्रीय नावातच सह्याद्रिया आहे आणि जंगलातून धरून धरून धोक्यात आलेला, म्हणून ब्रीड केलेले मिळाले तरच आणतो.

त्याच टँकने आम्हाला रडवलं. २०१८ चा मे, पाण्याची बोंब, सोसायटीत टँकर. आमच्या कामावरच्या पोराने नेहमीसारखं अर्धं पाणी काढलं, बाथरूमच्या नळाला पाइप लावून भरलं, नेहमीच्या मापाने हायपो टाकला, हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारायला. त्याच सकाळी गच्चीवरची टाकी धुऊन त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, सढळ हाताने टाकलेली होती हे त्याला कोण सांगणार? तासाभरात काकूंचा फोन, नुसता हुंदका. मी रिक्षाने पोचेपर्यंत तळाला लाल-निळी रांगोळी पडलेली. नळाच्या पाण्यात क्लोरीनचे टेस्ट ड्रॉप टाकले तर हळदीसारखं पिवळं. ६० पैकी ९ राहिले. पोरगा जिन्यात बसून राहिला होता, त्याला काय बोलणार, ड्रॉप त्याच्या बॅगेत द्यायला हवे होते ते मीच दिले नव्हते. मासे आमच्या खर्चाने भरून दिले. आता प्रत्येकाच्या बॅगेत क्लोरीनचे ड्रॉप आणि पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर असतो, आमच्या घरच्या नळाला ऐंशी-नव्वद दाखवतो तो टँकरच्या बोअरच्या पाण्याला सातशेपर्यंत जातो, आणि मीटर वेगळं बोलला तर पाणी बदलायचं नाही, नुसती काच पुसून परत यायचं, गिऱ्हाईक ओरडलं तरी.

मग १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम लाईट गेली, लोकल जागच्या जागी. माझा फोन वाजायचा थांबेना. बंद फिल्टरपेक्षा परत चालू झालेल्या फिल्टरची जास्त भीती, कारण कॅनिस्टर, म्हणजे डब्याच्या फिल्टरमधला, बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, आतले जीवाणू मरतात आणि लाईट आली की ती सगळी घाण टँकमध्ये येते. सगळ्यांना एकच सांगत होते, प्लग काढून ठेवा, लाईट आली तरी डबा रिकामा करून, टँकच्याच पाण्यात स्पंज विसळल्याशिवाय लावू नका. आणि तोवर तांब्याने पाणी काढून वरून परत ओतत राहा, हवा मिसळते. कोपरीचे एक आजोबा, वय पंच्याहत्तरच्या वर, स्टुलावर बसून थांबत थांबत तीन तास ओतत होते, नातीने व्हिडिओ पाठवला, अगदी महादेवाला अभिषेक चाललाय असा, मागे आजी म्हणतायत, माझ्यासाठी कधी पाणी भरलं नाही. एकही मासा गेला नाही त्यांचा.

आता स्लायडिंगचं काम बंद केलं. चार पोरं, एक टेम्पो, धंद्याचा खरा आधार महिन्याचा मेंटेनन्स, नवीन टँक आला तर बोनस. नेरूळ, सीवूड्स, खारघरची कामं वाढलीत. टेम्पो सगळीकडे परवडत नाही, मग विरजण लोकलनेच जातं, टबातला ओला स्पंज स्टीलच्या डब्यात, झाकण किंचित उघडं, सुकलं किंवा फार कोंडलं तर गेलं. परवा पोरगा त्याच माझ्या जुन्या ट्रान्स हार्बरने चालला होता, डब्याचा वास यायला लागला तशी बाजूच्या मावशींनी विचारलं, बाळा डब्यात आहे काय?

हा म्हणाला, विरजण आहे मावशी. मावशी तुर्भ्याला उतरेपर्यंत त्याला समजावत होत्या की दही लावायला आधी भांडं नीट घासायचं असतं.