आमची वाटचाल : विलो रनच्या कुंपणाबाहेरून

कारखान्यांना गाड्यांचे पार्ट व्हॅनने तातडीने पोचवायचा आमचा छोटा धंदा. मागच्या हिवाळ्यात एका रात्री साडेअकराला आमच्या एका ड्रायव्हरचा फोन आला. मला वाटलं बर्फात व्हॅन घसरली, तर तो म्हणतो तू कंपनी विकतोयस का, विकणार असशील तर मला आधी सांग, माझे घराचे हप्ते चालू आहेत. विलो रन विमानतळावर माल लोड व्हायची वाट बघत तीनचार जण उभे होते, तिथे विषय निघाला की कलिटा एअर या मालवाहू विमान कंपनीचे मालक कॉनी कलिटा एअरलाइन विकतायत म्हणे, आणि त्यावरून कोणीतरी बोललं की तुमचा मालकपण आता पासष्टीला आला, मुलगी कॅलिफोर्नियात, तोही विकणार बघ. त्या माणसाची झोप उडाली आणि मग माझीपण.

कॉनींची ही कुजबुज मी बातमी म्हणून सांगत नाहीये, म्हाताऱ्या मालकाबद्दल असं बोललं जातंच. पण आमचा धंदा ज्या गावात उभा राहिला तिथे त्यांचं नाव टाळून काही सांगता येत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पश्चिमेला इप्सिलँटी, तिथला विलो रन विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने इथे बी-२४ बॉम्बर बनवले, ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडायचं. कॉनींचा जन्म १९३८चा, नावाजलेले ड्रॅग रेसर, म्हणजे सरळ छोट्या ट्रॅकवर गाड्या पळवणारे, १९६७ मध्ये सेसना ३१० हे दोन इंजिनांचं छोटं विमान घेऊन त्यांनी गाड्यांचे पार्ट पोचवायला सुरुवात केली. आज कलिटा एअरची बोइंग ७४७ आणि ७७७ विमानं जगभर फिरतात. जानेवारी २०२० मध्ये वुहानहून अमेरिकन लोकांना बाहेर काढलं ते विमानही त्यांचंच होतं.

मी नाशिकहून, सातपूर एमआयडीसीतली नोकरी सोडून, १९९६ला इथे आलो, एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. तिथे पहिल्यांदा लाइन डाऊन म्हणजे काय ते कळलं. गाड्यांचे कारखाने पार्ट साठवून ठेवत नाहीत, तासातासाच्या हिशोबाने मागवतात, त्यामुळे एक साधा ब्रॅकेट आला नाही तरी अख्खी लाइन उभी राहते आणि त्याचा दंड पार्टवाल्याच्या डोक्यावर. मग रात्री दोनला कोणीतरी विमान शोधतं आणि कोणीतरी व्हॅन. २००३ला नोकरी गेली तेव्हा मी ठरवलं की ती व्हॅन आपली असावी. सेकंडहॅण्ड घेतली, मी चालवायचो, बायको फोन घ्यायची आणि बिलं करायची, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, कितीतरी वेळा व्हॅनमध्येच झोपलेली.

२००९ वाईट गेलं. आधी क्रायस्लर मग १ जूनला जीएम (जनरल मोटर्स) या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली आणि आमचं एक मोठं गिऱ्हाईक त्याच वर्षी बंद पडलं, आमचे चार महिन्यांचे पैसे बुडाले. दागिने मोडले, त्याबद्दल बायकोने आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. २०२०च्या मार्चमध्ये कारखाने बंद झाले तेव्हा मात्र हाताशी थोडी शिल्लक होती म्हणून कोणाला काढावं लागलं नाही. आता अकरा माणसं, सात व्हॅन, दोन स्ट्रेट ट्रक, म्हणजे ट्रेलर नसलेले ट्रक.

आणि आता जे खरं सांगायचंय ते. ड्रायव्हरने विचारलं तेव्हा मी एकदम नाही म्हणालो नाही, कारण त्याच्या दीड महिना आधी मी एका घेणाऱ्याला भेटलो होतो आणि बायको सोडून कोणालाही सांगितलं नव्हतं. माणूस चांगला होता, आकडापण चांगला होता. पण त्याला हवी होती गिऱ्हाइकांची यादी आणि आमचा सेफ्टी रेकॉर्ड, रात्रीचं डिस्पॅच, म्हणजे कोणती व्हॅन कुठे पाठवायची ते बघणं, तो दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसात नेणार होता. आमची डिस्पॅचर चौदा वर्षं रात्री बसते, कुठल्या प्लांटचा कुठला डॉक (माल उतरवायची जागा) रात्री तीननंतर उघडत नाही, कोणाला फोन केला की गेट उघडतं, हे सगळं तिच्या डोक्यात आहे, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते त्याचेच.

त्या रात्री मला १९९७ आठवलं. कॉनींनी आपली तेव्हाची कंपनी टेक्सासच्या किटी हॉक या मालवाहू विमान कंपनीत विलीन केली, तेव्हा मी नोकरीत होतो आणि आमच्या शिपिंगच्या लोकांना वाटलं होतं की आता मोठी कंपनी, अजून बरं होईल. २०००च्या मे महिन्यात किटी हॉक दिवाळखोरीत गेली, त्याआधीच इथला भाग बंद झाला होता आणि विमानं उभी. माणसं कुठे गेली असतील घरचे हप्ते घेऊन. मग कॉनींनी ६२व्या वर्षी परत उडी घेतली आणि नोव्हेंबरमध्ये कलिटा एअर सुरू झाली. परत येऊन उभं करण्याची ताकद त्यांच्यात होती, माझ्यात नाही, हे मला पक्कं माहीत आहे. २००८च्या जूनमध्ये त्यांचा मुलगा स्कॉट न्यू जर्सीत रेसच्या ट्रॅकवर अपघातात गेला. पुढे कोण, असं लोक सहज बोलतात तेव्हा मला ते आवडत नाही.

रविवारी सगळ्यांना गोडाऊनवर बोलावलं, बायकोने पोहे केले होते, आणि मी घेणाऱ्याबद्दल सगळं सांगितलं, आकडासुद्धा. दोघं चिडले, लपवलं म्हणून, आणि बरोबर चिडले. सोमवारी घेणाऱ्याला नाही कळवलं. आता वकिलाकडे कागद चाललेत, डिस्पॅचर आणि दोन जुने ड्रायव्हर पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने हिस्सा घेणार, पैसे पगारातून नाही, नफ्यातून वळते होणार. त्या आकड्यापेक्षा मला कमी मिळतील. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बाबा, व्हॅनचं नाव तेवढं बदलू नका. नाव तिचंच आहे.

ज्याने फोन केला होता तो त्या दोन जुन्या ड्रायव्हरांतला एक. आत्ता हे टाइप करतोय तेव्हा तो दोन स्किड (लाकडी फळ्यांवर बांधलेला माल) घेऊन लुईव्हिलला निघालाय, सकाळी सहाच्या शिफ्टआधी डॉकवर लागायचंय, टोलेडोच्या पुढे बर्फ आहे म्हणतात.