गोळीच्या आधीची अस्वस्थता

तरुणांमधील अफूजन्य औषधांच्या व्यसनाची चर्चा सुरू झाली की आपण लगेच पुरवठ्याकडे वळतो. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची चोरटी विक्री थांबलीच पाहिजे, आणि २०१८ साली ट्रामाडॉल हे वेदनाशामक औषध अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले हेही योग्यच झाले. परंतु ज्या मुलाला चिंतेने रात्ररात्र झोप लागत नाही, त्याच्या त्या अस्वस्थतेचे काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

म्हणूनच कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी विकसित केलेला ‘प्रिव्हेंचर’ हा शालेय कार्यक्रम मला आश्वासक वाटतो. निराशा, चिंतेविषयीची अतिसंवेदनशीलता, उतावीळपणा आणि थराराची ओढ या चार स्वभाववैशिष्ट्यांपैकी एखादे ज्या मुलांमध्ये ठळक असते, त्यांना प्रश्नावलीच्या आधारे ओळखून, सुमारे दीड तासाच्या दोन कार्यशाळांमध्ये, मनात आलेला विचार आणि त्यापाठोपाठ घडणारी कृती यांच्यामध्ये थांबायला शिकवले जाते. त्यात भर व्यसनाच्या भीतीवर नसतो, स्वतःचा स्वभाव समजून घेण्यावर असतो. छाती धडधडली म्हणजे आता काहीतरी भयंकर घडणार, असे वाटणाऱ्या मुलीला त्या धडधडीचा खरा अर्थ कळला, तर ती शांत करण्यासाठी गोळी शोधण्याची निकड कमी होते.

आपल्याकडे अनेक शाळांत समुपदेशकच नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. निदान २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फलकावर लिहिलेला असावा, आणि तो कशासाठी आहे हे वर्गशिक्षकांनी मुलांना समजावून सांगावे.