हस्त ते वसुबारस

गणपतीचं विसर्जन झालं की मंडळाच्या कार्यकर्त्यांनी चार दिवस पाय पसरून झोपावं, अशी जगरहाटी. साताऱ्यात आमच्या पेठेत ती सोय नव्हती. मांडवाचे बांबू उतरतायत न उतरतायत तोच महिला मंडळाच्या काकू येऊन उभ्या, "सेक्रेटरी, हादग्याला पटांगण कधी मोकळं करून देताय?" तिथून जे सुरू व्हायचं ते वसुबारसेपर्यंत थांबायचं नाही. हादगा, दसरा, कोजागिरी, कंदील, नानकटाई, किल्ले. खरं सांगायचं तर आम्हा पोरांना दिवाळीपेक्षा तिच्या आधीची ही धांदलच जास्त आवडायची.

शरद म्हटलं की कवितेत टिपूर चांदणं असतं. प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. त्यामुळे आमचं सगळं पटांगण जागं व्हायचं ते साडेचारनंतर, अजिंक्यताऱ्याची सावली पेठेवर यायला लागली की.

हादग्याची सुरुवात हस्त नक्षत्रावर. सूर्य हस्तात जातो तो 27 सप्टेंबरच्या आसपास, त्यामुळे घटस्थापना पुढे-मागे झाली तरी हादग्याचा अंदाज चुकत नसे. पुण्याकडे पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. आमच्याकडे सोंडा उंचावून समोरासमोर उभ्या असलेल्या दोन हत्तींचं चित्र भिंतीला लावायचं आणि त्यावर फळांच्या माळा चढवायच्या. कागदाच्या असायच्याच, पण मान खऱ्या माळेला. भेंडी, कारली, तोंडली, लिंबं, एखादं बोराएवढं डाळिंब, आणि मधोमध कवठ. कवठाला धरायला देठ नसतो, म्हणून त्याला सुतळीची जाळी विणावी लागे आणि ते काम ठरलेल्या एकाच आजींचं. भेंडी तिसऱ्या दिवशी मान टाकायची. कारलं मात्र हळूहळू पिवळं, मग केशरी होत जायचं आणि एके दिवशी आपोआप उकलून आतल्या लालभडक बिया दाखवायचं. कोणी ते काढायला गेलं की आजी ओरडायच्या, "राहू दे गं, आता कुठं शोभायला लागलंय!"

खिरापतीचा हिशेब वाढता. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. आमच्यात गणिताच्या एक बाई होत्या, त्यांनी बेरीज करून सांगितलं होतं की एकूण 136 खिरापती होतात आणि पेठेतल्या घरांत त्या नीट वाटल्या तर कुणालाच जड जात नाहीत. त्यांनी केलेला वाटपाचा तक्ता मंडळाच्या फळ्यावर लागायचा. खिरापत ओळखण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारायची मुभा होती: गोड की तिखट, आणि डबा वाजवून दाखवा. त्यावर त्या कवठवाल्या आजींनी काढलेला तोडगा असा, की लाडवाच्या डब्यात त्या एक चमचा टाकून आणायच्या. डबा खणखण वाजायचा आणि आम्ही चिवड्यापासून खारकेपर्यंत सगळं सांगून दमायचो. मधेच हस्ताचा गडगडाटी पाऊस यायचा. मग हत्ती काढून घेऊन सगळ्यांनी शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात पळायचं.

दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती, दारोदार आपट्याची पानं आणि झेंडूच्या भावाबद्दल ठरलेली कुरकुर. कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध, आणि ते आटवायची पाळी वर्षातून एकदाच पुरुष मंडळींवर. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दूध दरवर्षी थोडंसं लागायचं आणि जायफळ दरवर्षी जास्त व्हायचं, एवढं पुरे.

माझा खरा जीव कंदिलांत. कोजागिरीनंतरच्या रविवारी शाळेतले ड्रॉइंगचे सर मंडळात यायचे. बुरडाकडून आणलेल्या कामट्यांचा भारा आधीच पाण्यात भिजत पडलेला असे. सरांना चांदणी, विमान असल्या प्रकारांत रस नव्हता. कंदील करायचा तर पारंपरिक. मधल्या पट्ट्यात आठ चौकोन, त्याच्या वर चार आणि खाली चार. या चौकोनांच्या मधल्या जागांत वर चार, खाली चार त्रिकोण आपोआप तयार होतात. टोकाला वर-खाली एकेक चौकोन उघडा. वरून वायर आत जाते, खाली शेपट्या लागतात. हिशेबाने 48 कडा, आणि सगळ्या एका मापाच्या. इथंच सगळी गोम. एक काडी सूतभर मोठी राहिली तर त्या वेळी काही कळत नाही. शेवटचा चौकोन बांधायला जावं तर तो मिटतच नाही. सर तेव्हा काही बोलायचे नाहीत. कंदील हातात घेऊन एक डोळा मिटून फिरवायचे आणि चोर काडीवर बरोबर बोट ठेवायचे.

खळ मैद्याची, मोठ्या पातेल्यात चुलीवर शिजवलेली. तिच्यात चिमूटभर मोरचूद पडायचं, म्हणजे झुरळं आणि उंदीर तोंड लावत नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याजवळ लहानांना फिरकू द्यायचे नाहीत. कागद पतंगाचा. चिकटवताना तो कितीही ताणला तरी सुरकुत्या पडतातच. खळ पूर्ण वाळली की सर ओल्या हाताने त्यावर पाण्याचे बारीक शिंतोडे मारायचे. कागद आधी ढिला पडायचा, आपल्याला वाटायचं आता फाटणार, आणि वाळता वाळता तो असा ताणून बसायचा की टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा. ही जादू बघायला मोठी माणसंसुद्धा थांबायची. करंज्या, झिरमिळ्या, सोनेरी पट्टी हे सगळं नंतर. सर त्याला "दागिने" म्हणायचे आणि ते काम मुलींवर सोपवून चहाला जायचे. मुलींना फक्त दागिने का, म्हणून आम्ही एका वर्षी कामट्या ताब्यात घेतल्या. त्या वर्षी मंडळाचा मोठा कंदील मुलींनी बांधला आणि तो कुठंही वाकडा नव्हता, हे इथं नमूद करून ठेवते.

दिवाळी आठवड्यावर आली की नानकटाईचा दिवस. घरोघरी ओव्हन नव्हते. काहींकडे काचेची खिडकी असलेला तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, पण त्यात एका वेळी डझनभर नानकटाया भाजून दिवाळी कशी निघणार? म्हणून मंडळ पेठेतल्या बेकरीशी बोलून एक दुपार ठरवून घ्यायचं. पहाटेचे पाव निघाले की लाकडाची भट्टी हळूहळू उतरायला लागते आणि नानकटाईला नेमकी तीच उतरती धग मानवते. बेकरीवाले चाचा भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा टाकायचे. तो लगेच काळा पडला तर "थांबा, ताई." सावकाश बदामी झाला की "आणा आता."

बायका सकाळपासून पराती घेऊन बसलेल्या. पाव किलो तूप, पाव किलो पिठीसाखर, मैदा मावेल तेवढा, वर मूठभर रवा आणि वेलदोड्याची पूड. सगळी मेहनत तूप-साखर फेसण्यात. तळहाताने एकाच दिशेला फेसत राहायचं, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. झालं की नाही हे बघायला त्यातला थेंबभर गोळा पाण्याच्या वाटीत टाकायचा. तरंगला तर मैदा घाला, बुडाला तर फेसा अजून. ऑक्टोबरच्या उन्हात तूप पातळ व्हायचं आणि पातळ तुपाची नानकटाई पत्र्यावर पसरून पापडी होते, म्हणून परात गार पाण्याच्या घमेल्यात ठेवलेली असे. यावर वाद एकच, आणि तो वर्षानुवर्षं चाललेला: घरचं तूप की डालडा? तूपवाल्या म्हणायच्या, वासच सांगतो. डालडावाल्या म्हणायच्या, खुसखुशीतपणा बघा आणि खर्चही बघा. मी दोन्ही पक्षांच्या नानकटाया भरपूर खाल्ल्यात. डालड्याची जास्त खुटखुटीत होते, हे मान्य करायला माझी आई अजूनही तयार नाही.

भट्टीत सगळ्यांचे पत्रे एकत्र जायचे, मग आपली नानकटाई ओळखायची कशी? प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणाची एक चारोळी, कुणाच्या दोन, कुणाचा पिस्त्याचा काप, कुणाची काट्याने काढलेली फुली. आमची वेलदोड्याची सालासकट अर्धी पाकळी. ती दाताखाली आली की तोंड वाकडं व्हायचं, पण खूण म्हणजे खूण. पत्रा बाहेर आला की लगेच हात लावायचा नाही. गरम नानकटाई मऊ असते, ती गार होता होता घट्ट होते. चाचा ते दरवर्षी सांगायचे आणि पोरं दरवर्षी बोटं भाजून घ्यायची. नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेले पत्र्याचे डबे भरून घरी न्यायचे आणि जाताना एक मूठ भट्टीवरच्या माणसांसाठी ताटात ठेवायची. ते ताट संपूर्ण पेठेचं व्हायचं, सगळ्या खुणा त्यात.

तोवर किल्ल्यांचा राडारोडा जमलेला असे. परीक्षण वसुबारसेच्या संध्याकाळी, बक्षीस कंदी पेढ्यांचा पुडा. हळीव पेरायचा अंदाज चुकला की तटावर गवताऐवजी जंगल उगवायचं. आमच्या परीक्षक काकांचा नियम होता, मान वर केली की दिसतोय तोच किल्ला करा, अजिंक्यतारा. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाने त्याला वेढा घातला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो एप्रिल 1700 पर्यंत झुंजवला. मोगलांनी सुरुंग लावले, त्यातला दुसरा त्यांच्याच सैन्याच्या अंगावर कोसळला. हे कळल्यावर पोरांनी काय करावं? मंगळाई बुरुजाखाली लवंगी ठेवून परीक्षणाच्या वेळी पेटवली. काकांच्या धोतरावर माती उडाली. त्यांनी धोतर झटकलं आणि विचारलं, "पहिला सुरुंग की दुसरा?" पोरांनी "दुसरा" म्हटलं. पेढे त्यांनाच मिळाले.

हल्ली हादगा एकाच रविवारी उरकतात आणि सोळाही खिरापती त्याच दिवशी येतात. कंदिलाचं किट मिळतं, भोकं पाडलेलं, मापात कापलेलं. त्यालाही माझी तक्रार नाही. निदान पोरं तासभर एकत्र बसतात. किल्ला कुठला करायचा यावर मात्र पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं जुंपतं, कारण 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे, अजिंक्यतारा नाही. भट्टी अजून लाकडाचीच आहे आणि तिच्यापुढे चाचांचा मुलगा उभा असतो.

यंदा सेक्रेटरी माझा मावसभाऊ झालाय. नानकटाईची दुपार ठरल्याचा निरोप त्याने ग्रुपवर टाकला: सामान ज्याचं त्याने आणावं, पत्र्याचं भाडं मंडळ देईल. पाच मिनिटांच्या आत कोणीतरी खाली विचारलं, "डालडा चालेल ना?" त्याला आत्तापर्यंत साठेक उत्तरं आली आहेत आणि त्यातली निम्मी माझ्या आईची.