नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ग्रॅव्हल सायकल: मुरूम कुठे, खडी कुठे

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, घेऊन आम्ही तीन दिवस नाशिककडे फिरलो. सुरुवातीलाच सांगतो. गौतमी धरणाकडून कश्यपी धरणाकडे जाणारा डोंगरातला कच्चा रस्ता सध्या सायकलने करू नका. टायर कितीही रुंद असला तरी नको. मी आणि माझ्या मित्राने जानेवारीच्या शेवटी तिथे साडेतीन तास घालवले. अंतर होतं फक्त सात किलोमीटर.

ज्याच्याकडून आम्ही या मार्गाची जीपीएस फाइल घेतली, त्याने त्या तुकड्यासमोर लिहिलं होतं, ‘मस्त ग्रॅव्हल, हळूहळू चढ’. तो गेला तेव्हा तसं असेलही. पण तेव्हा तिथे मुरूम होता. आता मुरमावर खडी ओतून ठेवली आहे, मुठीएवढी, नुकतीच फोडलेली, कडा अजून धारदार असलेली. रोलर फिरलेला नाही. सायकलचं पुढचं चाक त्यात आधी रुततं आणि मग आडवं सरकतं. चढावर बसून पेडल मारलं तर पुढचं चाक उचलतं, उभं राहून मारलं तर मागचं जागच्या जागी फिरतं. पहिल्या किलोमीटरनंतर आम्ही उतरलो आणि उरलेलं जवळजवळ सगळं ढकलतच नेलं. उतारावरसुद्धा ढकलावं लागलं, आणि त्याचा राग मला घरी परळला पोचेपर्यंत गेला नव्हता.

वाटेत मोळी घेऊन चाललेले एक आजोबा भेटले. म्हणाले, “दिवाळीपासून असंच हाय बाबा. खडी टाकली अन् माणसं गेली.” मी म्हटलं, “आजोबा, खाली गावात तर रस्ता चांगला आहे म्हणाले.” त्यावर ते म्हणाले, “ट्रॅक्टर जातोय ना, मग चांगलाच म्हणत्यात.”

माझ्या सगळ्या प्रवासातली सर्वात कामाची गोष्ट हीच. नकाशावरची तुटक रेषा म्हणजे नुसता ‘कच्चा रस्ता’, आणि आपल्याकडे कच्च्याचे तीन प्रकार आहेत. मुरूम म्हणजे खरं ग्रॅव्हल: तांबूस, पावसाने आणि ट्रॅक्टरने दाबून बसलेलं, चाकाखाली बारीक चरचर आवाज येतो आणि वेग टिकतो. खडी म्हणजे वर सांगितलं ते. तिसरी काळी माती. ती कोरडी असेपर्यंत ठीक, पण बागेच्या ठिबकचा व्हॉल्व्ह गळत असेल तर तिथला पन्नास फुटांचा चिखल ब्रेकपर्यंत चिकटतो आणि चाक फिरायचं थांबतं. त्यामुळे गावात ‘रस्ता चांगला आहे का?’ असं विचारू नका. ‘खडी टाकलीय का? रोलर फिरलाय का?’ असं विचारा. उत्तर लगेच आणि खरं मिळतं.

आता क्रमाने. शुक्रवारी दादरहून पहाटेची कसारा लोकल पकडली, सायकली लगेजच्या डब्यात, लगेजची पावती काढून. घाट सायकलने चढलो. तिथे रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे आणि गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. रस्त्याने आपल्याला मात्र ट्रकच्या धुरातून चढायचं असतं, तेव्हा शक्य तितक्या लवकर निघा. इगतपुरी, घोटी, कावनई, मुकणे धरणाचं पाणी: दिवस सोपा होता, छान गेला. मुक्काम घोटीला साध्या लॉजवर.

दुसऱ्या दिवशी घोटीहून पहिने मार्गे त्र्यंबक. डांबरी आहे, पण वाहनं कमी. वाटेत वैतरणेच्या बाजूला अप्पर वैतरणा धरण, आपल्या मुंबईच्या नळाला येणारं पाणी. ब्रह्मगिरी डोक्यावर आला की त्र्यंबक आलंच. इथे एक लक्षात ठेवा: २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक परिसरात रस्त्यांची कामं चालू आहेत. मागच्या वर्षीचा कुणाचाही वृत्तांत वाचून बेत आखू नका, माझा हा वृत्तांतही पुढच्या हिवाळ्यात शिळा झालेला असेल. त्र्यंबकहून नाशिककडे थोडं येऊन डावीकडे बेझ्याला वळलो, गौतमी धरण पाहिलं आणि तिथून त्या सात किलोमीटरमध्ये शिरलो.

पाचव्या किलोमीटरला मित्राच्या टायरची बाजू फाटली, दोन बोटं रुंद. आतलं पांढरं सीलंट (टायरची बारीक भोकं बुजवणारं द्रव) धुळीवर उडालं आणि मिनिटभरात सुकून गेलं. अशी चीर सीलंटने बुजत नाही. आम्ही दहाची नोट चौपदरी घडी करून आतून लावली, वर ट्यूब टाकली आणि हवा निम्मीच भरली. त्यावर तो डांबरी रस्त्यापर्यंत आला. टायर बूट (फाटलेल्या टायरला आतून लावायचा तुकडा) आणि एक ट्यूब प्रत्येकाजवळ हवीच, ट्यूबलेस असलात तरी. आमच्याकडे ४० मिलिमीटरचे टायर होते. मुरमाला ते पुरेसे आहेत. बाभळीचे काटे मात्र सीलंट बरोबर सांभाळतं, सहा काटे निघाले आणि हवा तसूभर कमी झाली नाही.

पुढे कश्यपीजवळ अंधार पडायला लागला, म्हणून द्राक्षबागेतल्या मुक्कामाच्या जागी फोन केला. त्यांनी ‘गाडी पाठवतो’ म्हणून एक छोटा हत्ती (लहान टेम्पो) पाठवला. भाडं आधी विचारलं नाही, ही चूक झाली. पोचल्यावर चार हजार पाचशे मागितले, वीस-बावीस किलोमीटरचे. शिवाय सायकली खोलीत नेऊ देत नाहीत म्हणून प्रत्येकी तीनशे रुपये ‘पार्किंग’. घासाघीस करून गाडीचे तीन हजारांवर आणले, तेही जास्तच. माझं स्पष्ट मत: बागेच्या नजाऱ्याचे पैसे देऊ नका. गिरणारेच्या बाजारपेठेत टोमॅटो नेणारे टेम्पो दिसतात. संध्याकाळी कुणीतरी रिकामा परतत असतो, त्याच्याशी बोलून भाडं ठरवा आणि मगच सायकल चढवा.

तिसरा दिवस मात्र ज्यासाठी गेलो तो. गंगापूर धरणापासून डाव्या कालव्याच्या कडेने मुरमाची वाट निघते, मखमलाबादच्या बाजूला. सपाट, शांत, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला बागा. मांडवावरची खायची द्राक्षं आणि तारांवर सरळ भिंतीसारखी उभी केलेली वाइनची द्राक्षं, दोन्ही लागतात. जानेवारी ते मार्च तोडणीचा काळ, तेव्हा क्रेट भरलेले ट्रॅक्टर समोरून येतात. थांबून त्यांना वाट द्या, त्यांना माल वेळेत पोचवायचा असतो. ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर वाऱ्याची दिशा बघून लांबच उभे राहा, ते औषध श्वासात जायला नको. सकाळचं ऊन पानांतून वाटेवर पडलं होतं, चाकाखाली तीच चरचर, आणि आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. या एका सकाळीसाठी मी परत जाईन.

सुला आणि आसपासच्या वायनरींचा सावरगावचा रस्ता शनिवार-रविवारी टाळा, गाड्यांची रांग असते. वाइन चाखायची तर सायकल ठेवून, मुक्कामी. बाटल्या पाठीवर घेऊन नाशिकरोडपर्यंत येऊ नका, काच आणि कच्चा रस्ता यांचं जमत नाही.

माझा सल्ला: दोनच दिवस काढा. शुक्रवारी रात्री नाशिक गाठा, शनिवारी त्र्यंबक, बेझे आणि त्याच डांबरी रस्त्याने परत, रविवारी कालवा. कश्यपी बघायचंच असेल तर गिरणारे, धोंडेगाव असं डांबरी रस्त्याने जा. पाणी प्रत्येकी तीन लिटर, कारण धोंडेगाव सोडलं की मला दुकान दिसलं नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेला हातच लावू नका.

परतीला नाशिकरोडला दोन्ही चाकं काढून सायकली पिशवीत घातल्या. पिशवी आधीच बरोबर ठेवा, स्टेशनवर मिळत नाही. कश्यपीच्या त्या रस्त्यावर रोलर फिरल्याचं कुणाला कळलं तर मला जरूर कळवा, मी फाइलमध्ये ते सात किलोमीटर लाल रंगाने खोडून ठेवले आहेत.