केमोच्या काळातली माझी नखं आणि बोटं: माझा अनुभव

मी ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत मशीन, गल्लीतली आणि ओळखीतली गिऱ्हाइकं. त्यामुळे केस गेले तेव्हा घाबरले नव्हते तेवढी मी नखं काळी पडल्यावर घाबरले. डोक्यावरून पदर घेता येतो, पण हुक लावायला बोटंच लागतात.

आजार ट्रिपल निगेटिव्ह स्तनाचा कॅन्सर, म्हणजे ज्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत तो. आधी लाल केमो (औषधाचा रंगच लाल), मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध, मग ऑपरेशन. काढलेल्या गाठीच्या तपासणीत थोडा आजार शिल्लक निघाला, म्हणून पुढे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, म्हणजे तोंडानं घ्यायची केमो.

पॅक्लिटॅक्सेल सुरू होऊन महिना उलटला आणि नखांच्या मुळाशी तपकिरी पट्टे दिसायला लागले. मग अंगठ्याचं नख टोकाकडून पांढरं होत जिव्हाळीपासून सुटायला लागलं. साडीचा पदर अडकला तरी जीव कळवळायचा. शेजारच्या काकूंनी हळदीचा लेप सांगितला, मावससासूबाईंनी मेंदी. डॉक्टर म्हणाले, चिरलेल्या कातडीवर यातलं काहीच नको. नखं बारीक कापायची, सुटलेलं नख ओढून काढायचं नाही, भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी मोजे, नेलपॉलिश काढायचं द्रावण लांबच. नखाखालून वास आला, पू दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं, आणि ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी फोन करायचा. पांढऱ्या पेशी कमी असताना नखाचा जंतुसंसर्गही महागात पडतो. मला एकदा अँटिबायोटिक घ्यावं लागलं, तेवढ्यावर भागलं.

बर्फाचं मात्र सिस्टरनं सुचवलं. सलाईनमधून औषध जात असताना हाता-पायांना थंड पॅक लावायचे, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांपर्यंत औषध कमी पोचतं. फार्मसी शिकणाऱ्या भाचीनं त्यावरचा फ्रान्समधला २००५ सालचा अभ्यास शोधून काढला. औषध याच घराण्यातलं, डोसिटॅक्सेल. ४५ रुग्णांच्या एका हातात गोठवलेला मोजा घातला, दुसरा हात उघडा ठेवला. उघड्या हाताच्या नखांना ५१ टक्के जणांमध्ये त्रास झाला, मोज्यातल्या हाताच्या नखांना ११ टक्के. आम्हाला तसले मोजे मिळाले नाहीत, म्हणून जेलचे पॅक पातळ रुमालात गुंडाळून न्यायचो. पहिली दहा मिनिटं नको जीव होतो. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना ते अजिबात सोसलं नाही, त्यांनी सोडून दिलं. माझी पायाची नखं शेवटपर्यंत टिकली. बर्फामुळे की नशिबानं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

नखं दिसतात तरी. बधिरपणा दिसत नाही. एका गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजपीसवर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा मला कळलं की सुई टोचली आहे. बोटाला पत्ताच नव्हता! सुई ओवताना दोरा बोटांत आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावं लागायचं. गोळ्यांची पाकिटं फोडायला मुलगा, साडीला पिन लावायला जाऊबाई. आंघोळीचं पाणी हातानं पाहायचं बंद केलं, कोपरानं पाहायला लागले. तवा गरम आहे हे बोटांना उशिरा कळायचं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: पेशींच्या आत सूक्ष्म नळ्या असतात. पॅक्लिटॅक्सेल त्या जिथल्या तिथे घट्ट करून टाकतं, म्हणून कॅन्सरच्या पेशीला दुभंगता येत नाही. पण नसांमधली (रक्ताच्या नव्हे, संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंमधली) ने-आणही त्याच नळ्यांवरून चालते, आणि सगळ्यात लांबच्या नसांना आधी फटका बसतो. म्हणून हाता-पायाची टोकं. त्यांनी विचारलं, "हुक लावता येतं का?" मी नाही म्हटलं, त्यांनी लगेच डोस कमी केला. त्रास होतो का, या प्रश्नाला आपण बायका हमखास "चालतंय" म्हणतो. अमुक काम जमत नाही असं सांगितलं की डॉक्टरांच्या कागदावर काहीतरी लिहिलं जातं. जळजळ, ठणका जास्त असेल तर ड्युलोक्सेटिन देतात. मला मुख्यतः बधिरपणाच होता, म्हणून दिलं नाही. मेडिकलवाल्यानं नसांचं टॉनिक पुढे केलं होतं. त्यात असिटिल-एल-कार्निटिन निघालं, आणि ते पॅक्लिटॅक्सेलबरोबर घेतल्यास नसांचा त्रास वाढल्याचं दिसलेलं आहे. डॉक्टरांनी ते परत करायला लावलं.

कॅपेसिटाबिनची तऱ्हा वेगळी. दोन आठवडे गोळ्या, एक आठवडा सुट्टी. तळहात लाल, चटके बसल्यासारखे, मग सालपटं. भाकरी थापणं बंदच झालं. दिवसातून दोनदा युरियाचं क्रीम, ढगळ चपला, गरम पाणी नको. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या अभ्यासात डायक्लोफेनॅकचं साधं जेल हातांना लावणाऱ्यांत मध्यम ते तीव्र त्रास ३.८ टक्के जणांना झाला, नुसतं औषधाविना जेल लावणाऱ्यांत १५ टक्के. मुरगळलेल्या पायाला लावतो तेच औषध. मी डॉक्टरांना विचारून सुरू केलं आणि पुढची आवर्तनं सुसह्य गेली.

आणि मग रेशनच्या दुकानात अंगठा उठेना. मशीनवर पुन्हा पुन्हा लाल अक्षरं, मागे रांग, आणि दुकानदार म्हणतोय, "हात धुऊन या." या गोळ्यांनी बोटांवरच्या रेषा पुसट होतात. सिंगापूरच्या ६२ वर्षांच्या एका रुग्णाला याच कारणानं अमेरिकेत विमानतळावर चार तास थांबवून ठेवलं होतं, ते २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. आमचं रेशन माझ्या नवऱ्याच्या अंगठ्यावर निघालं, कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही चालतो. आधारची पडताळणी डोळ्यानं किंवा चेहऱ्यानंही होते, पण ते आपणच सांगावं लागतं. डॉक्टरांकडून औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन ठेवली, ती बँकेत उपयोगी पडली. मोबाईलला आकड्यांचं कुलूप लावलं.

गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांत अंगठा परत उठायला लागला. हाताची नखं महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतात, त्यामुळे पूर्ण नवं नख यायला सहा महिने गेले. त्यावर आडव्या खाचा होत्या, एकेका केमोची नोंद असल्यासारख्या. पायाच्या बोटांचा बधिरपणा अजून आहे, मशीनचं पायडल नीट कळत नाही म्हणून मोटर बसवून घेतली, वेग कमी ठेवते. हातशिलाईला अंगुस्तान दोन बोटांत घालते. पिको-फॉल आणि साधे ब्लाउज घेते. बारीक मण्यांचं काम अजून परत पाठवते.