चाळण, मासवडी आणि सुमात्राची राख

आमच्या विज्ञान मंडळाचं वार्षिक अधिवेशन तीन दिवसांचं. पहिले दोन दिवस व्याख्यानं, निबंधवाचन, आभार आणि पुन्हा आभार. तिसरा दिवस सहलीचा, आणि तो कायम माझ्या गळ्यात. परवानगीची पत्रं, बस, नाश्ता, डोकी मोजणं. त्यामुळे इतक्या वर्षांत मी एकही व्याख्यान धड ऐकलेलं नाही. विषय रंगात आला की दारातून कुणीतरी खुणावायचं, ‘बसवाला आलाय, आगाऊ रक्कम मागतोय.’

लोणारला गेलो ते वर्ष काकूंमुळे लक्षात आहे. अशनी आदळून बसाल्टमध्ये पडलेलं ते विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. खाली सगळे हौसेनं उतरले. चढताना मात्र दोन काकू वाटेत बसल्या त्या उठेनात. पुढे २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झाल्याची बातमी आली, तेव्हा त्यांचाच फोन : ‘आपण गेलो तेव्हा का गं नाही झालं?’ जणू ते माझ्याच नियोजनातून राहून गेलं होतं.

पण सहल म्हटली की मला आठवते ती खोडदची. अधिवेशन पुण्यात होतं आणि नारायणगावजवळची ती महाकाय रेडिओ दुर्बीण सगळ्यांनाच बघायची होती. परवानगी चाळीस जणांची, बसमध्ये निघाले सत्तेचाळीस. कुणाचा नातू, कुणाचे मेहुणे. नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती, दुसरं काय! फाटकावर मी हात जोडले, आणि दोन तुकड्या करून सगळ्यांना आत जाता आलं.

आत मोबाइल बंद. लांबच्या दीर्घिकांमधून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात, की शेजारी चालू फोन म्हणजे विसर्जन मिरवणुकीत कुणी कानात कुजबुजण्यासारखं. मी कापडी पिशवी फिरवली, प्रत्येक फोनला रबरबँडनं नावाची चिठ्ठी. पिशवी चांगलीच जड झाली.

एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा ३०. चौदा मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर लांब पसरलेल्या. आमचे चित्रकलेचे मास्तर मान वर करून बराच वेळ बघत राहिले. तबकडीतून आरपार ढग दिसत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, ‘ही ताटली म्हणायची की चाळण?’

माहिती देणारे शास्त्रज्ञ खूश झाले. म्हणाले, इथे पकडायच्या लहरी वीतभर लांबीपासून पुरुषभर लांबीपर्यंतच्या. त्यांच्यापुढे जाळीची भोकं इतकी बारीक, की त्यांना ही सलग ताटलीच वाटते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. तारांवर जाळी ताणून बसवायची ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. तेवढ्यात जवळची तबकडी हलली, मग पलीकडची, मग सगळ्याच. बाई वर्गात आल्यावर मुलांच्या माना वळाव्यात तशा. नातू मंडळीसुद्धा गप्प झाली.

नारायणगावात मासवडी आणि रस्सा. रश्श्यानं निम्म्यांच्या डोळ्यांत पाणी, तरी वाटी पुढे. इथेच तासभर जास्त गेला.

पुढचा थांबा बोरी बुद्रुक. कुकडीच्या काठावरच्या मातीत पांढरट करड्या राखेचा थर आहे. ती आली सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून, समुद्र ओलांडून. कुठल्या उद्रेकातली, यावर अभ्यासकांचं भांडण आहे. कुणी सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या म्हणतं, कुणी कित्येक लाख वर्षं मागे नेतं. भूशास्त्राचे सर हे रंगवून सांगत होते. काकूंनी चिमूटभर राख बोटांत चोळली आणि निर्वाळा दिला, ‘रांगोळीपेक्षा मऊ आहे. भांडी काय लख्ख निघतील!’ सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘निघतील. यात काचेचेच बारीक कण आहेत.’

ऊन कलायला लागलं तसा बांधावरून एक शेतकरी ओरडला, ‘ताई, अंधार पडायच्या आत निघा. उसात बिबट्या फिरतोय.’ सत्तेचाळीस माणसं इतक्या लवकर बसमध्ये चढलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. मोजले तर सेहेचाळीस. मास्तर अजून काठावर उकिडवे बसलेले, हातात रुमालाची पुरचुंडी.

अशा जागेवरून काहीही उचलू नये, असं सूचनापत्रकात मीच छापलं होतं. मास्तरांना बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

ती राख मंडळाच्या कपाटात हिंगाच्या रिकाम्या डबीत आहे. झाकणावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘सुमात्रा, मार्गे बोरी’.