जिभेला मुंग्या

दुपारी जेवण उरकल्यावर माणूस काहीही वाचतो. वर्तमानपत्र संपलेलं असतं, झोप यायची असते आणि फ्रीजच्या दारातली शेजवान चटणीची बाटली हाताशी असते. तिचं मागचं लेबल वाचावं. लाल मिरची, लसूण, तेल, आलं, साखर, व्हिनेगर, मीठ, घट्टपणाला कुठलं तरी पीठ, एखादीत सेलेरी. संपली यादी. बाटलीवर चीनच्या सिच्वान प्रांताचं नाव (शेजवान हे त्याचंच रूप) ठसठशीत छापलेलं, आणि त्या प्रांताची खूणच यादीत सहसा सापडत नाही. कोल्हापुरी रस्सा म्हणावं आणि मिरची घालायला विसरावं, तसं काहीसं.

ती खूण म्हणजे ह्वाज्याओ. नैर्ऋत्य चीनमधल्या स्वयंपाकघरातलं मिरीएवढं तांबूस फळ. दिसायला मिरीसारखं असलं तरी मिरीशी त्याचं नातं नाही, मिरचीशी तर नाहीच. ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं आहे. झाड काटेरी. फळ वाळलं की तोंड उघडतं, आत काळं चकचकीत बी असतं. खायची ती साल. बी टाकून द्यायचं, नाहीतर दाताखाली वाळू आल्यासारखं वाटतं. एक साल जिभेवर ठेवली तर आधी लिंबाच्या सालीचा वास येतो, मग जरा वेळ काहीच होत नाही, आणि फसलो म्हणेपर्यंत ओठ थरथरू लागतात. ही थरथर नेमकी किती, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ साली मोजलं. सेकंदाला साधारण ५० वेळा. प्रत्यक्षात ओठ हलत नाहीत. स्पर्श कळवणाऱ्या नसा तसा निरोप धाडतात.

चिनी भाषेत या जाणिवेला ‘मा’ म्हणतात आणि मिरचीच्या तिखटाला ‘ला’. सिच्वानी जेवण म्हणजे ‘माला’, दोन्ही जोडीनं. मांडी घालून बसून बसून पाय बधिर झाला तरी चिनी माणूस ‘मा’च म्हणतो. आपल्याकडे तेव्हा मुंग्या येतात. म्हणजे शब्द आपल्याकडेही आहे, फक्त तो पायात राहिला, जिभेवर चढला नाही.

काटेरी झाड, लिंबाचं कूळ, उकललेलं फळ, फेकायचं काळं बी. घरात रत्नागिरी-मालवणकडचा किंवा गोव्याकडचा मसाल्याचा डबा असेल तर एव्हाना ओळख पटली असेल. तिरफळ! वनस्पतिशास्त्राच्या वहीत दोघं एकाच घरचे, झँथॉक्सिलम. चुलत भावंडं म्हणा. तिरफळ आकारानं मोठं, सालीला जाड, वासाला जास्त रानटी आणि मुंग्यांच्या बाबतीत जरा सौम्य. (त्रिफळा चूर्णाशी त्याचा संबंध नाही. आयुर्वेदिक दुकानात घोळ झाला तर माशाच्या तिखल्याऐवजी पोट साफ होईल.)

तिरफळाबद्दल आमचा एक हट्ट आहे, तो इथेच सांगून टाकतो. ते खोबऱ्याच्या वाटपात मिक्सरला लावायचं नाही. कडवट होतं आणि सगळं सार त्याच एका वासानं भरून जातं. बी काढायचं, साल चमचाभर पाण्यात भिजवायची, बत्त्यानं नुसती ठेचायची आणि मासे घालण्याच्या सुमारास पाण्यासकट सोडायची. चौघांच्या बांगड्याच्या तिखल्याला आठ-दहा पुरतात. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट, उग्र वासाच्या माशांनाच ते शोभतं. पापलेटावर घालणं म्हणजे वाया घालवणं. सिच्वानातही ह्वाज्याओचं एक काम मांसाचा उग्रपणा मारणं हेच. दोन किनारे नव्हेत, कारण सिच्वानला समुद्रच नाही, पण युक्ती तीच.

आता ‘अस्सल’ कशाला म्हणायचं ते एका पदार्थावर पाहू. सिच्वानची राजधानी चेंगडूचा मापो टोफू. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. १८६२ साली वानफू पुलाजवळ चेन कुटुंबाची खानावळ होती. तेल वाहणारे हमाल तिथे थांबत आणि चेनची बायको त्यांना टोफू करून घाली, असं सांगतात. तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते म्हणून ती ‘मापो’, व्रणांची म्हातारी. गंमत अशी की हा ‘मा’ मुंग्यांचा नाही, व्रणांचा. अक्षर मात्र तेच.

४५० ग्रॅम मऊ टोफूचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे मिठाच्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवायचे. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. यानं टोफूचा कच्चा वास जातो, तो आतपर्यंत तापतो आणि जरा बांधला जातो. १०० ग्रॅम खिमा, तिथे गाईबैलाचा, तेलात कोरडा आणि कुरकुरीत होईपर्यंत परतायचा. पाणी सुटलं असताना पुढचं घातलं तर खिमा शिजतो, कुरकुरत नाही. मग आच मंद करून अडीच टेबलस्पून दोउबानज्यांग, म्हणजे मिरची आणि बाकल्याचे दाणे आंबवून केलेलं खारट वाटण, बारीक चिरून घालायचं. तेल लाल होऊन कडेनं सुटेपर्यंत थांबायचं. मिसळीचा कट काढणाऱ्याला ही पायरी वेगळी शिकवायला नको. आच मोठी राहिली तर ते जळून कडू होतं आणि ते कडूपण साखरेनंही जात नाही. मग आंबवलेले काळे सोयाबीन, आलं-लसूण, थोडी मिरचीपूड, वाटीभर सूप आणि टोफू. उलथन्यानं ढवळायचं नाही. पळीच्या पाठीनं हलकेच पुढे ढकलायचं. मीठ चाखूनच, कारण दोउबानज्यांग खारट असतं.

खरी मेख पुढे आहे. एक टेबलस्पून बटाट्याचं स्टार्च पाण्यात कालवून एकदम ओतायचं नाही, तीन हप्त्यांत घालायचं. पहिल्यानं रस्सा टोफूला धरतो. पण टोफू शिजताना पाणी सोडतो आणि रस्सा पुन्हा पातळ होतो, म्हणून दुसरा हप्ता. तिसरा चकाकीसाठी. आपल्याकडे टोफूऐवजी पनीर घालून जो ‘मापो’ होतो, त्यात पनीर ना मऊ पडतं ना पाणी सोडतं. सगळं कॉर्नफ्लॉवर रस्स्यातच राहतं आणि खळ तयार होते. शेवटी लसणीची हिरवी पात, आणि वाढताना वरून अर्धा-एक टीस्पून ह्वाज्याओची ताजी पूड. साल कोरड्या कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची. कुटून ठेवलेल्या पुडीचा वास काही आठवड्यांत उडतो आणि उरतो नुसता लाकडाचा भुसा.

या पदार्थाची परीक्षा चेंगडूत आठ शब्दांत करतात: मुंग्या, तिखट, चटका, खमंग, कुरकुरीत, मऊ, रसाळ, जिवंत. कुरकुरीत तो खिमा. जिवंत ती लसणीची पात, ताटलीत ताठ उभी दिसायला हवी. आठात पहिला नंबर मुंग्यांचा, आणि देश सोडताना विमानतळावर पहिल्यांदा उतरवल्या जातात त्या त्याच.

जपानचं बघा. चेन केनमिन हा सिच्वानी आचारी १९५२ साली तिथे गेला, १९५८ साली त्यानं टोकियोत उपाहारगृह काढलं आणि जपानला मापो टोफू शिकवला. खिमा डुकराचा झाला, लसणीच्या पातीच्या जागी कांद्याची लांब पात आली, तिखट कमी झालं आणि मुंग्या जवळजवळ गेल्या. त्यानंच कोळंबीच्या तिखट सॉसमध्ये टोमॅटो केचप घातलं. आता जपानी लोक शतकानुशतकं भाजलेल्या वामावर सानशो भुरभुरतात. सानशो म्हणजे याच कुळातलं तिसरं भावंड. मुंग्या त्यांच्या ओळखीच्या होत्या, पण वामावर होत्या, टोफूवर नव्हत्या.

अमेरिकेत तर कायद्यानंच बंदी होती. लिंबूवर्गीय झाडांना होणारा कँकर नावाचा रोग सालीबरोबर येईल या भीतीनं १९६८ पासून २००५ पर्यंत ह्वाज्याओच्या आयातीला मनाई होती. ती कडक पाळली जात नसे ही गोष्ट वेगळी. पण सिच्वानचं कुंग पाव चिकन तिथे ज्या रूपात रुजलं त्यात ढोबळी मिरची आली, सेलेरी आली आणि गोड चिकट सॉस आला. मूळ पदार्थात चमचाभर ह्वाज्याओ आणि दहाबारा सुक्या मिरच्या बेताच्या गरम तेलात पडतात आणि मिरच्यांचा रंग गडद झाला की लगेच चिकन. दोन श्वास उशीर झाला की सगळं काळं. शेंगदाणे अगदी शेवटी, नाहीतर वातड होतात. त्याच्या आंबटगोडाला सिच्वानात ‘लिची चव’ म्हणतात. लिची त्यात औषधालाही नसते. ‘मासळीच्या वासाची’ वांगी असतात, त्यांतही मासळी नसते. तेव्हा नावात आहे ते वाटीत असलंच पाहिजे, असा आग्रह खुद्द सिच्वानी लोकच धरत नाहीत. आमची बाटली इथे जरा सुटते.

मांचुरियनवरही लोक असेच हसतात. नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगतात: फोडणीला आलं, लसूण, हिरवी मिरची, आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. ईशान्य चीनमधल्या मांचुरियात असं काही मिळत नाही. पण तिथल्या हार्बिन शहराची शान असलेला क्वोबाओरौ, बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळलेलं आंबटगोड डुकराचं मांस, तोसुद्धा रशियन पाहुण्यांच्या जिभेसाठी बदलून घडवला गेला अशीच त्याची कथा आहे. परक्याच्या ताटासाठी केलेली तडजोड पन्नास-शंभर वर्षं टिकली की तिला स्थानिक वैभव म्हणतात.

दोउबानज्यांगचंच घ्या. चेंगडूजवळच्या पीश्येनचं ते नाक. मिरच्या आणि सोललेले बाकल्याचे दाणे मीठ घालून मडक्यांत आंबवतात. दिवसा ऊन दाखवायचं, रोज खालवर करायचं, रात्री उघड्यावर दव खाऊ द्यायचं, पावसाची चाहूल लागली की झाकण. असं निदान वर्षभर, चांगलं असेल तर तीन वर्षं किंवा जास्त. आपल्या लोणच्याच्या बरण्यांना इतकं लाडावलं जात नाही. पण याचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो फूच्येन प्रांतातून सिच्वानात येऊन राहिलेला माणूस. बाकल्याला सिच्वानी बोलीत अजूनही ‘हूदोउ’, म्हणजे परदेशी दाणे म्हणतात. आणि मिरची? ती चीनमध्ये पोचली सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे. चिनी लिखाणात तिचा पहिला उल्लेख १५९१चा. त्याआधी सिच्वानाला तिखट म्हणजे ह्वाज्याओ, आलं आणि तसलेच आणखी एकदोन पाले-फळं. आपल्याकडेही पोर्तुगीज जहाजांतून मिरची उतरण्याआधी मिरीच होती, आणि किनाऱ्यावर तिरफळ. त्या काळातला सिच्वानी आचारी आणि कोकणातली सुगरण यांची जीभ आजच्यापेक्षा जास्त जुळली असती. मिरची आली आणि तिनं दोघांकडेही पाटलीण होऊन घर ताब्यात घेतलं. सिच्वानानं जुन्या सुनेला घरात ठेवून घेतलं. आपण तिला तेवढी बांगड्यापुरती ठेवली.

शेजवान चटणी खरं तर व्हिनेगर घातलेला मुंबईचा ठेचा आहे, आणि तशी घेतली तर ती चांगली असते. बेडगी आणि काश्मिरी मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास, लसूण मिरचीच्या निम्म्यानं, तेल सढळ. लसूण तांबूस होण्याआधी मिरचीचं वाटण पडलं पाहिजे. मग तेल वर येईपर्यंत धीर. व्हिनेगर आच बंद करण्याच्या बेतात घालावं. आधी घातलं तर आंबट वाफ घरभर आणि चटणीत काही नाही.

तिच्यात तिरफळ घालून पाहता येतं. सहा-सात साली मंद भाजून, कुटून, बारीक चाळून, दोन टेबलस्पून चटणीला दोन चिमटी. नुसतं ठेचण्याचा हट्ट इथे सोडावा लागतो, पण चालतं, कारण पूड वरून पडते, शिजत नाही. वास ह्वाज्याओचा येत नाही, रानाचा येतो. ओठ थरथरतात, पण अगदी हळू, सेकंदाला किती ते मोजायला कोणी बसलेलं नाही.

डब्यात आता तिरफळं आठच उरली आहेत. रविवारी बांगडे आणायचेत. डोशाला चटणी आहे तशीच बरी.